बाहेरच्यांनी खोलीत येऊ नये

मागच्या महिन्यात बालीगंजमधल्या एका बंद दाराशी मी डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन उभी होते. बँकेत नव्याने बदलून आलेल्या एका मराठी अधिकाऱ्याची बायको बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते. नवऱ्याने दार वीतभर उघडले, डब्यासाठी हात पुढे केला आणि फार नम्रपणे म्हणाला, "काकू, राग मानू नका. सव्वा महिना बाहेरच्यांनी खोलीत येऊ नये असं आईनं पत्रात कळवलंय."

"बरोबर कळवलंय," मी म्हटले. "पण मी बाहेरची नाही. सरक बाजूला."

आत दोन तास बसले. निघताना ती मुलगी म्हणाली, "काकू, मला सांगितलंत ते लिहून का नाही काढत? माझ्यासारख्या आणखी कुठे कुठे असतील." म्हणून हे लिहीत आहे. माझे लिहिणे म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या सभांचे वृत्तान्त, दुसरे काही नाही. तेव्हा जे झाले ते झाले त्या क्रमाने लिहिते.

मी आता त्रेचाळीस वर्षांची आहे. लोक मला कामाची बाई म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणत असतील. रडणे मला जमत नाही, आणि कोणी रडू लागले की जवळ बसून काय करायचे असते तेही पूर्वी कळत नसे. हे आधीच सांगते, कारण मला जो आजार झाला तो हळव्या बायकांना होतो असा समज आहे. तो माझाही होता.

भिंतीवरचा कागद

आमची धाकटी झाली तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. थोरली विजया बारा वर्षांची. विजूचे बाळंतपण अमरावतीला, माहेरी झाले होते. आई, दोन काकू, एक मावशी, शेजारच्या बायका. क्षणभर एकटे बसायला मिळाले नाही आणि त्याचा मला तेव्हा वैताग आला होता. या खेपेस आई नव्हती. ती दोन वर्षांपूर्वी गेली होती. सासर नागपूरला, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, सासूबाईंना टाकून येता येत नव्हते. त्यांचे घर सासूबाईंच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तेव्हा बाळंतपण कलकत्त्यातच, एका मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डात झाले.

वॉर्डात सोळा खाटा होत्या आणि सोळाही बायका एकाच वेळी बोलत. पलीकडची बाई मला रोज विचारायची, तुमच्या देशात मासे न खाता दूध कसे येते? तिच्या सासूने माझ्या बाळाचे नाक दाबून सरळ करायचा प्रयत्न केला तेव्हा मी तिच्याशी भांडले. दहा दिवस मी ठणठणीत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा; माझ्या लक्षात ती फार उशिरा आली.

घरी आले तेव्हा खोलीच्या भिंतीवर, बरोबर माझ्या उशाशी, चार टाचण्यांनी लावलेला एक फुलस्केप होता. सासूबाईंचे पत्र. आमचे हे केंद्र सरकारच्या नकाशांच्या खात्यात. कागदावर रेघ आहे म्हणजे ती जमिनीवर असलीच पाहिजे, हा यांचा धर्म. पत्रातली प्रत्येक सूचना यांनी तांबड्या शाईने अधोरेखित केली होती.

सूचना आपल्याकडच्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. कानांत कापूस, डोक्याला फडके. बाजेखाली शेगडी. डोळ्यांना ताण नको म्हणून वाचन नको. फार बोलू नये. खिडक्या लावून घ्याव्यात. सव्वा महिना बाहेरच्यांनी खोलीत येऊ नये. चैत्र लागला होता. नागपूरला त्या दिवसांत खिडक्या लावल्या की झळा बाहेर राहतात. कलकत्त्यात घाम आत राहतो. पण यांनी एक सूचनाही सोडली नाही. सकाळी शेगडी पेटवून, खिडक्या तपासून, खीर माझ्या हाताशी ठेवून हे कचेरीत जात. विजू शाळेत. बजबजच्या बाजूने गाडीने येणारी आमची कामवाली, पुंटीची मा, हिला तासभर आत यायची परवानगी होती, कारण पत्रात 'न्हाऊ घालणारी' असा स्पष्ट उल्लेख होता. तिला परतीची गाडी गाठायची असे आणि माझ्या कानांत कापूस असे, त्यामुळे आमचे बोलणे पाणी गरम झाले का, याच्यापुढे जात नसे.

खालच्या मजल्यावरच्या लावण्यदी तिसऱ्या दिवशी वाटीभर काहीतरी झाकून घेऊन आल्या. यांनी दारातच आपल्या बंगालीत सांगितले, अजून एक महिना. त्या जराही रागावल्या नाहीत. "हो हो, आमच्यातही असतंच," म्हणाल्या आणि उतरून गेल्या. मंडळातल्या मराठी बायका तर आल्याच नाहीत. त्यांना नियम पाठच होते. कोणाचेच काही चुकले नाही. सगळ्यांनी मिळून, अगदी शहाणपणाने, मला एका खोलीत कोंडून घातले.

कोणाची तरी पेटी

मला दुःख झाले नव्हते. दुःख असते तर ओळखले असते. मला काहीच होत नव्हते. हावड्याला एखादा अनोळखी प्रवासी "जरा बघा हं" म्हणून आपली पेटी आपल्यापाशी ठेवून जातो, तशी ती मुलगी मला वाटे. नीट सांभाळायची, काही कमी होऊ द्यायचे नाही, आणि मालक आला की देऊन टाकायची. दूध पाजत होते, पुढे ते आटले तेव्हा बाटलीने देऊ लागले. दुपटी वेळेवर बदलत होते. ती रडली की उठत होते. पण तिच्या तोंडाकडे बघायचे मी टाळते हे माझ्या लक्षात आले होते.

झोप गेली. बाळी झोपे, मी जागी. नाव ठेवलेले नव्हते म्हणून हे आणि विजू तिला बाळी म्हणत. बारसे नागपूरहून आत्या येईल तेव्हा करायचे होते. अन्नाची चव गेली. डाळीत मीठ पडले आहे की नाही हे मला, जिने चाळीस माणसांच्या हळदीकुंकवाचा स्वयंपाक नुसत्या वासावर केला आहे, सांगता येईना.

आणि मग गॅलरी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाळीला घेऊन मी गॅलरीच्या दाराजवळून जाईनाशी झाले. एक विचार यायचा. तो लिहायला मला आजही आवडत नाही. पण ज्यांना तो येतो त्यांनी वाचावे म्हणून लिहिते. ही आपल्या हातून खाली पडली तर? काही दिवसांनी त्या 'पडली'च्या जागी 'टाकली' असे होऊ लागले. मला तसे करायचे नव्हते. त्या विचाराने मी घामाने भिजत असे. मी गॅलरीच्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली यांच्या कोटाच्या खिशात टाकली.

"कुलूप कशाला?" यांनी विचारले.

"कावळे आत येतात."

"हां," म्हणाले, आणि किल्ली घेऊन कचेरीत गेले.

कोणाला सांगितले असते? कलकत्त्यात डोके फिरलेल्या माणसाचा विषय निघाला की लोक हसून म्हणतात, रांचीला पाठवा. तिथे वेड्यांचे इस्पितळ आहे. मी स्वतः तो विनोद अनेकदा केला होता.

सोयीची गोष्ट

महिना होत आला तेव्हा मी एक तोड काढली. तोड काढणे हे माझे नेहमीचेच काम. हे जेवत होते.

"अहो, नागपूरला पत्र घाला. बाळीला वन्संकडे द्यावी म्हणते."

"किती दिवस?"

"दिवस कसले? कायमची. त्यांना मूल नाही. त्यांचं स्वतःचं घर आहे, वकिलाचं. इथे मी छत्तिशीची, विजूची शाळा, तुमची केव्हाही बदली. सगळ्यांच्याच सोयीचं आहे."

यांचा हात पानात थांबला. "तुला चालेल?"

"मीच सांगतेय ना?"

"तू सांगतेयस म्हणजे सगळा विचार करूनच सांगत असशील," हे म्हणाले, आणि संध्याकाळी पत्र घातले.

यात यांचा दोष मी धरत नाही. मी ऊर बडवला असता, भांडी फेकली असती, तर कोणीतरी धावले असते. पण माझा आजार माझ्याच आवाजात बोलत होता, आणि त्या आवाजाचे ऐकायची घराला पंधरा वर्षांची सवय होती. फक्त विजू जेवता जेवता उठून गेली. मी तिला पान टाकून उठल्याबद्दल रागावले.

नागपूरहून उलट टपाली उत्तर आले. वन्संनी एकाच ओळीत तीनदा 'खरंच ना?' असे लिहिले होते. खाली सासूबाईंचे दोन शब्द: ज्येष्ठात बारशाला दोघी येतो, गुडघ्यांचे बघून घेऊ, बाळीला घेऊनच परत येऊ.

मला हायसे वाटले. पेटीचा मालक सापडला होता.

भवानीपूर चालेल?

सव्वा महिना संपल्यावर घराबाहेर पहिले पाऊल पडले ते डॉक्टरीणबाईंकडे, नेहमीच्या तपासणीसाठी. डॉक्टर मिसेस नंदी पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, आवाज पोलीस अधिकाऱ्यासारखा. बोलणे इंग्रजीत, मी इथे मराठीत देते. बाळाचे वजन चांगले, माझी प्रकृती चांगली. सगळे लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, "नाव काय ठेवलं?"

"अजून नाही."

"मग हाक काय मारता?"

मी विचार केला. हे बाळी म्हणत, विजू बाळी म्हणे. मी तिला आजवर कोणतीच हाक मारली नव्हती.

"या आठवड्यात घरच्यांखेरीज कोणाशी बोललात?"

"कामवालीशी. पाण्याबद्दल."

"झोप?"

तेवढ्यात हे मदतीला आले. "डॉक्टर, आता काळजी नाही. आम्ही मुलीची उत्तम सोय केली आहे. माझी बहीण पुढच्या महिन्यात तिला कायमची घेऊन जाणार आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेनाला टोपण लावले. "कोणी ठरवलं?"

"हिनंच. माझी पत्नी फार व्यवहारी आहे."

"तुम्ही बाहेर बसा. बाळाला घेऊन."

दार लागल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मिसेस पाटणकर, बाळाजवळ एकट्या असता तेव्हा कशाची भीती वाटते?"

"गॅलरीची," मी म्हटले. तोंडातून शब्द गेला आणि मग परत घेता येईना. दहा मिनिटांत सगळे सांगितले, कुलपासकट. शेवटी विचारले, "मला रांचीला पाठवणार का?"

"रांची फार लांब आहे हो," त्या म्हणाल्या. "भवानीपूर चालेल? तिथे ओळखीचं छोटं नर्सिंग होम आहे."

नंतर त्या जे बोलल्या ते मला जवळजवळ शब्दशः आठवते. "हा आजार आहे. बाळंतपणानंतर काही जणींना होतो. चांगल्या घरच्यांना होतो, शहाण्यांना होतो, तुमच्यासारख्या हुकूम सोडणाऱ्यांनाही होतो. उपचार केले की बरा होतो. कुलूप घातलंत ते उत्तम केलंत. तुमच्यातली आई जागी आहे, याचा तो पुरावा. आता एकच ऐका. तापात असलेल्या माणसानं कुठल्या कागदावर सही करू नये. तुम्ही मूल देण्याचं तापात ठरवलं आहे. आधी बऱ्या व्हा. मग द्यायची असेल तर द्या, मी आड येणार नाही."

टॅक्सीत बसल्यावर यांनी बाळीला सांभाळून मांडीवर घेतले. मग म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तुझी एखादी गोष्ट सांगायची राहते, हेच मला माहीत नव्हतं."

पंधरा वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांशी बोललेली ही सर्वांत खरी वाक्ये असावीत. घरी आल्यावर यांनी आधी बाळीला विजूच्या मांडीवर दिले, मग सगळ्या खिडक्या उघडल्या. कागद मात्र भिंतीवरच राहिला. तो यांच्या आईचा होता.

प्रेमाचं मी बघते

नर्सिंग होममध्ये मी अकरा दिवस होते. पहिले तीन दिवस औषधाने झोपले, एवढेच. ताट आले की जेवायचे, नेले की झोपायचे. पहिल्या ताटात माशाचा रस्सा आला. यांनी तिथल्या माणसाला शाकाहार म्हणजे काय ते समजावून दिले. दुसऱ्या दिवशी तोच रस्सा मासा काढून आला. तिसऱ्या दिवसापासून बटाटा मिळू लागला.

चौथ्या दिवसापासून दिनक्रम सुरू झाला. सकाळी सहाला आया नळी तोंडात घालून जाई, ताप बघायला. मग चहा. मग गच्चीवर अर्धा तास चालायचे, आयेबरोबर. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेल्या एक वृद्ध बाई होत्या, त्या उठल्यापासून बोलत. त्यांच्या तीन सुनांची गाऱ्हाणी मी इतकी ऐकली की आजही त्या सुना रस्त्यात भेटल्या तर ओळखेन. मला त्या घरात एक गोष्ट फार बरी वाटली: खूश राहा, असे मला तिथे कोणी म्हणाले नाही.

रोज चार वाजता हे कचेरीतून लवकर निघून, विजूला आणि बाळीला घेऊन येत. दिवसा बाळी लावण्यदींकडे राहू लागली होती. डॉक्टरीणबाईंचा हुकूम होता की तासभर बाळीला मी धरायची.

"मला तिच्याबद्दल काही वाटत नाही," मी पहिल्या दिवशी त्यांना सांगितले.

"वाटायला कोणी सांगितलं? प्रेमाचं मी बघते. तुम्ही तेवढी धरा."

हे मला जमण्यासारखे होते. नेमून दिलेले काम मी कधी टाळलेले नाही. चार ते पाच, मी ती मुलगी धरत असे. बाजूला विजू आपल्या अर्ध्या मराठीत, अर्ध्या बंगालीत शाळेतले सांगत बसे. बाळीचे केस मानेवर कुरळे आहेत हे मला दुसऱ्या दिवशी दिसले. जन्मल्यापासून ते तसेच होते, असे विजू म्हणाली.

सहाव्या दिवशी चार वाजले, सव्वाचार झाले, कोणी आले नाही. साडेचार. मी उठून खिडकीशी गेले. परत खाटेवर बसले. पुन्हा खिडकीशी. पावणेपाचला घामाघूम होऊन तिघे आले.

"कुठे होतात?" मी दारातच ओरडले. "घड्याळ आहे ना हाताला? चारची वेळ माहीत नाही?"

"अगं, मिरवणूक होती. ट्राम अडकल्या—"

"कलकत्त्यात मिरवणूक रोजच असते! अर्धा तास आधी निघायचं. आणा तिला इकडे."

आया कोपऱ्यात चादरी घडी करत होती. ती हसू लागली. म्हाताऱ्या बाईही हसू लागल्या. यांनी बाळीला माझ्या हातात दिले आणि चष्मा पुसत बसले. तो पुसून संपेना. मला कळायला थोडा वेळ लागला. मी पाऊण तास त्या मुलीची वाट बघत होते.

अकराव्या दिवशी घरी आले तेव्हा मी पूर्ण बरी झाले होते असे नाही. वाईट दिवस पुढेही आले, पावसाळाभर येत राहिले. पण तो वाईट दिवस आहे हे मला कळत असे, आणि मी ते घरात सांगत असे.

दिलेले परत मागणे

घरी येऊन चार दिवस झाले आणि नागपूरची गाडी आली. सासूबाई दोन काठ्या घेऊन तिसरा मजला चढल्या. मागून वन्सं, दोन ट्रंका घेऊन. यांनी नागपूरला माझ्या आजारपणाचे कळवले होते. बाळीचे काय ते कळवले नव्हते. "ते तूच सांग," म्हणाले होते, आणि ते बरोबरच होते. शब्द मी दिला होता.

वन्संनी हातपाय धुऊन पहिल्यांदा ट्रंक उघडली. आठ कुंच्या, दहा दुपटी, सगळी हाताने शिवलेली, काहींवर बारीक पाने-फुले भरलेली. पैंजण. त्यांनी घरी पाळणाही टांगला होता. पंधरा वर्षे मूल नसलेल्या बाईने महिनाभरात किती शिवावे याला काही सुमार असतो.

मी आडवळणाने बोलायला शिकलेले नाही. "वन्सं," मी म्हटले, "बाळीला तुम्हांला देते असं मी कळवलं. ते मी आजारात कळवलं. आता मी तिला देणार नाही."

वन्संच्या हातात एक पिवळी कुंची होती, ती त्यांनी उलटी केली, सुलटी केली.

"मग या मी कोणाला घालू, कमल?"

"हिलाच घाला. इथे."

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि कोणी न मागितलेला चहा करू लागल्या. मागून जायला निघाले तर सासूबाईंनी हात धरला. "राहू दे तिला. तिचं रडून होऊ दे." मग त्यांनी मान वळवली आणि भिंतीवरचा कागद त्यांना दिसला. चष्मा लावून त्या जवळ गेल्या. तांबड्या रेघा बघितल्या.

"हे काय रे?"

"तुझं पत्र, आई," हे म्हणाले. "एकही सूचना मोडली नाही."

"सगळं केलंस?"

"सगळं."

"'बाहेरच्यांनी येऊ नये', हेही?"

"अगदी कडक. खालच्या बाईंनासुद्धा परत पाठवलं."

"अरे, मग आत कोण होतं?"

यांना प्रश्न कळला नाही. "कमल होती."

"आणि?"

"आणि कोणी नाही. तूच लिहिलंस."

सासूबाई बाजेवर बसल्या. "मी घरातल्या बायका धरून लिहिलं होतं रे. बाहेरच्यांची गर्दी नको म्हणजे आतल्या चौघी-पाचजणी तिच्याभोवती राहतील. आत बायकाच नाहीत तर दार कसलं लावता?"

"आई, तू तसं लिहिलं नव्हतंस."

"घरात बायका असतात, हे कोण लिहितं?" सासूबाई ओरडल्या.

मग त्यांनी टाचण्या काढायला लावल्या, कागद उलटा केला आणि यांना लिहायला बसवले. सोमवारी लावण्यदी, मंगळवारी मंडळातल्या दोघी, बुधवारी पुंटीची मा उशिराच्या गाडीने जाईल. वन्संनी चहा आणून ठेवला आणि न विचारता म्हणाल्या, "गुरुवार, शुक्रवार माझे घाल. मी दिवाळीपर्यंत आहे." यांनी पट्टी घेऊन रकाने आखले. तो कागद पुन्हा भिंतीवर लागला, पाठ पुढे करून.

दोन दिवस वन्सं माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाळीला तेल लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुर्गापूजेची सुट्टी माझी. ही शाळेत जायला लागली की दरवर्षी. लेखी नको, तोंडीच सांग."

"तुमची," मी म्हटले.

बारसे त्याच आठवड्यात झाले. आपल्याकडे पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहून बाळाला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हातात देतात. एका बाजूला वन्सं होत्या, दुसऱ्या बाजूला मी. त्या दिवशी वन्संनी मुलगी मला किती वेळा दिली ते मोजले नाही, पण प्रत्येक वेळी पूर्ण दिली. नाव ठेवणे आत्याचा मान. मी मनात दुसरेच नाव योजले होते. वन्संनी बाळीच्या कानात 'रेवती' म्हटले आणि मी मुकाट्याने ऐकले. माझ्या हातून असे फार वेळा होत नाही.

वाचणारणीसाठी

ज्यांना हे झाले आहे त्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. डॉक्टरांना सांगा, आणि जे सांगायला सर्वांत अवघड तेच आधी सांगा. त्यांनी ते पूर्वी ऐकलेले असते. त्या दिवसांत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका, विशेषतः तो फार सोयीचा वाटत असेल तर. मुलाबद्दल काही वाटत नसेल तर वाटण्याची खटपट करू नका, तेवढे धरा.

आणि आपल्यासारख्या ज्यांनी घरापासून हजार मैलांवर संसार मांडले आहेत, त्यांनी जुन्या घरांचे नियम जसेच्या तसे इथे आणू नयेत. ते नियम बायकांनी भरलेल्या घरांसाठी होते. आमच्या मंडळात आता कोणी बाळंत झाली की आधी वारांचा कागद होतो, मग लाडू. मंडळात तो 'उलटा कागद' म्हणून ओळखला जातो; का, ते नव्या मुलींना माहीत नाही.

रेवती आता सात वर्षांची आहे. फार बोलते, माझ्यासारखे हुकूम सोडते आणि गॅलरीच्या कठड्याला टेकून खालच्या लावण्यदींशी बंगालीत गप्पा मारते. दाराला कुलूप नाही.

यंदाही पूजेची सुट्टी लागली आणि वन्सं तिला न्यायला आल्या. हावड्याला डब्याच्या खिडकीतून तिने मला सतरा सूचना केल्या, मांजराच्या दुधापासून. वन्सं मागून तिची वेणी घालत होत्या. गाडी सुटली. आम्ही घरी आलो, दुपारचा स्वयंपाक झाला, आणि मी पाने घेतली.

"एक पान जास्त घेतलंस," हे म्हणाले.

मी बघितले. घेतले होते खरे. मला काय होते आहे, हे या वेळी नेमके कळले. मला तिची आठवण येत होती. सात वर्षांपूर्वी ही मुलगी कायमची जाणार होती आणि मला हायसे वाटले होते.

"उचलू का?" यांनी विचारले.

"राहू दे," मी म्हटले. "वाढते त्यातही. तुम्ही बसा."